नेट गेल्यावर येणाऱ्या कुसुमताई

आजच्या या निरोपाच्या सोहळ्याचे अध्यक्ष आणि आमच्या 'झळक डिस्प्ले अँड स्ट्रीमिंग'चे संस्थापक माननीय श्रीपादराव दातार, निघोज्याहून वाट वाकडी करून आलेले प्रमुख पाहुणे सन्माननीय जयसिंगराव कड, व्यासपीठावर बसायला नको नको म्हणत असताना ज्यांना आम्ही दंडाला धरून बसवलं त्या सत्कारमूर्ती कुसुमताई भिसे, त्यांचे यजमान अर्जुनराव, कन्या विजयश्री आणि समस्त भिसे परिवार, माझे सहकारी, आणि मागच्या रांगेत 'अजून किती भाषणं आहेत' असं एकमेकांना हळूच विचारणारे सुजाण श्रोतेहो,

सर्वांना माझा सविनय नमस्कार.

मी ऋता केतकर. 'झळक'मध्ये ग्राहकांच्या तक्रारी ऐकणं हे माझं काम. त्यामुळे समोर इतकी माणसं शांत बसलेली बघायची मला सवय नाही. जरा सांभाळून घ्या.

आपली कंपनी काय करते, हे आज इथे आलेल्या पाहुण्यांना थोडक्यात सांगावं, अशी अध्यक्षांची सूचना आहे. अध्यक्ष स्वतः सांगतात तेव्हा त्यात डिजिटल साइनेज, लाइव्ह स्ट्रीमिंग, क्लाउड वगैरे शब्द येतात आणि समोरचा माणूस घड्याळाकडे बघू लागतो. कुसुमताईंच्या नणंदेनं एकदा त्यांना विचारलं होतं, "तुमच्या कंपनीत करतात तरी काय?" कुसुमताई म्हणाल्या, "लोकांच्या भिंतीवर टीव्ही लावतो आणि त्यावर काय दिसायचं ते आपल्या ऑफिसातून पाठवतो. आणि लग्न असलं की ते घरबसल्या दाखवतो." मला वाटतं, आमच्या माहितीपत्रकावर हेच छापायला हवं होतं. कारखान्याच्या फाटकावर 'हेल्मेट घाला' असं झळकतं, दवाखान्यात 'पुढचा नंबर' झळकतो, उपाहारगृहात आजची भाजी झळकते, ते सगळं आम्ही. आणि ते झळकायचं बंद झालं की जिचा फोन वाजतो, ती मी.

कुसुमताई या कंपनीत आल्या त्या हिशेब बघायला. तेव्हा आमचं ऑफिस म्हणजे डांगे चौकाच्या मागच्या गल्लीतला एक गाळा होता. एका बाजूला गिरणी, दुसऱ्या बाजूला झेरॉक्स. गिरणी सुरू झाली की आमच्या संगणकांवर पीठ बसायचं. हिशेबाबरोबर हळूहळू हजेरी, चहा, किल्ल्या, नव्या मुलांच्या खोल्या शोधणं, जुन्या मुलांची लग्नं जुळवणं, हे सगळं ताईंकडे कधी आलं ते कुणालाच कळलं नाही. श्रीपादराव कंपनीचे मालक आहेत हे मला आठवडाभरानं समजलं. तोवर मी कुसुमताईंनाच मालक समजत होते.

पण श्रोतेहो, पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत ताईंना जी कीर्ती लाभली ती हिशेबामुळे नव्हे. ती कशामुळे लाभली, ते सांगितल्याशिवाय आजचं भाषण पुरं होणार नाही. ताई माझ्याकडे डोळे वटारून बघताहेत, पण आज त्या सत्कारमूर्ती आहेत आणि सत्कारमूर्तीला मध्ये बोलता येत नाही.

झालं असं. गाळ्यातल्या त्या दिवसांत आमचा सुजित, आजचा आपला तांत्रिक प्रमुख, एक नवा कॅमेरा तपासत होता. त्यानं कॅमेरा दाराकडे रोखून सुरू केला. तेवढ्यात बिलांचा गठ्ठा हातात घेऊन, चष्मा कपाळावर चढवून कुसुमताई आत आल्या. समोर कॅमेरा बघून दचकल्या. पदर सारखा केला, आणि हातानं थांबायची खूण करत म्हणाल्या, "अहो, थांबा जरा, येतेच मी." आणि चौकटीबाहेर निघून गेल्या. एवढीच ती क्लिप.

आता आमच्या धंद्यात एक सोय असते. स्क्रीनचं नेट गेलं तर भिंतीवर नुसता काळा चौकोन दिसू नये, म्हणून स्क्रीनला जोडलेल्या प्रत्येक बॉक्समध्ये एक राखीव क्लिप भरून ठेवावी लागते. नेट गेलं की ती आपोआप लागते आणि नेट येईपर्यंत पुन्हा पुन्हा लागत राहते. पहिल्या गिऱ्हाइकाचं काम घाईचं होतं. सुजितच्या हाताशी तीच एक क्लिप होती. त्यानं ती भरली. 'नंतर बदलू' म्हणाला. आपल्याकडे 'नंतर बदलू' म्हणून केलेल्या गोष्टींचं आयुष्य किती असतं, हे मी पिंपरी-चिंचवडच्या नागरिकांना काय सांगावं? त्या बॉक्सवरून दुसरा बॉक्स भरला, दुसऱ्यावरून तिसरा, आणि बघता बघता या सबंध पट्ट्यात जिथे जिथे आमची स्क्रीन, तिथे तिथे नेट गेलं की कुसुमताई हजर. "अहो, थांबा जरा, येतेच मी." असं म्हणून त्या जातात. आणि परत येतात. आणि परत तेच म्हणतात.

लोक ताईंना ओळखायला लागले. डांगे चौकात भाजी घेताना कोथिंबीरवाला त्यांच्याकडे बघून म्हणाला, "बाई, तुम्ही त्या नेट गेल्यावर येणाऱ्या ना? मग आधी मला पैसे पाठवा, नाहीतर नेट जाईल." ताईंनी मोबाइल काढला, आणि खरोखरच पैसे जाईनात. तेव्हापासून तो ताई दिसल्या की रोखच मागतो.

पुनावळ्याच्या एका मंगल कार्यालयातलं लग्न आम्ही परदेशातल्या नातेवाइकांना दाखवत होतो; राखीव क्लिप तिथेही तीच. अंतरपाट दूर व्हायच्या क्षणाला नेट गेलं. तिकडे अमेरिकेत हातात अक्षता घेऊन बसलेल्या मंडळींना एकाएकी कुसुमताई दिसल्या, "अहो, थांबा जरा." ती बिचारी मंडळी अक्षता मुठीत धरून थांबली. नेट आलं तेव्हा इकडे पंगत बसली होती. दुसऱ्या दिवशी नवऱ्या मुलाच्या काकांनी मला फोनवर विचारलं, "लग्न सुंदर झालं. फक्त त्या मधूनमधून येणाऱ्या मावशी कुणाकडच्या?"

ताई वैतागल्या. त्यांनी श्रीपादरावांना सांगितलं, "एक तर मला त्यातून काढा, नाहीतर निदान नवीन घ्या. त्यात माझा पदर नीट नाही." श्रीपादरावांनी लगेच एक चकचकीत चित्र बनवून घेतलं, आपलं बोधचिन्ह गोल गोल फिरतंय असं. ते सगळीकडे लागलं. आणि दुसऱ्याच आठवड्यात थेरगावच्या एका दवाखान्यातल्या डॉक्टरांचा मला फोन. म्हणाले, "मॅडम, ते गोल फिरणारं काढा आणि त्या बाईंना परत पाठवा. चक्र फिरायला लागलं की पेशंट उठून काउंटरवर येतात, भांडतात. त्या बाई थांबा म्हणाल्या की गप बसून राहतात." बाई परत आल्या. ताई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत, पण चहा माझ्या टेबलावर न चुकता येत होता.

इथवर सगळी गंमत. आता जो प्रसंग सांगणार आहे, तो सांगायची परवानगी मी ज्यांची त्यांची घेतली आहे. प्रमुख पाहुण्यांचीही घेतली आहे; फक्त त्यातला एखादा तपशील त्यांना नवा वाटला, तर त्यांनी तो पाहुण्याच्या मोठेपणानं ऐकून घ्यावा.

जयसिंगराव चाकणच्या बाजूला, निघोज्याजवळच्या एका मोठ्या कारखान्याचे प्रशासन अधिकारी. त्यांच्या सगळ्या शाखांमधल्या स्क्रीनचं काम आमच्याकडे. हे काम गेलं असतं तर आज या सभागृहात बसलेली निम्मी मुलं दुसऱ्या कंपनीच्या निरोप समारंभात बसलेली असती, इतकं ते मोठं. त्या कारखान्याच्या मालट्रकांच्या फाटकावर एक स्क्रीन आहे. सुरक्षारक्षकाच्या केबिनच्या भिंतीवर. कुठला ट्रक कुठल्या धक्क्याला लावायचा ते तिच्यावर येतं. गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्या एकाच स्क्रीनची तक्रार सुरू झाली. रोज दुपारी, पहिली पाळी सुटून गर्दी पांगली की नेट जायचं. थोड्या वेळानं आपोआप यायचं.

सुजित गेला. केबल बदलून आला. नेट गेलंच. पुन्हा गेला, स्विच बदलला. नेट गेलंच. बॉक्स बदलला. परत आल्यावर माझ्यासमोर बसून म्हणाला, "मॅडम, सगळं नवीन केलंय. आता फक्त भिंत बदलायची राहिलीय."

अशात जयसिंगरावांकडे परदेशातून पाहुणे आले. नेमके दुपारी. त्यांना माल कसा उतरतो ते बघायचं होतं, म्हणून गाड्या त्याच फाटकावर येऊन थांबल्या, आणि समोर कुसुमताई. पाहुण्यांनी गाडीतूनच ताईंना हात जोडून नमस्कार केला म्हणे. त्यांना वाटलं, आपल्या स्वागताला कुणी वडीलधाऱ्या उभ्या आहेत आणि थांबायला सांगताहेत. ते थांबले. बराच वेळ थांबले.

जयसिंगरावांचा फोन आला. साहेब रागावले की आवाज चढवत नाहीत, उलट हळू बोलतात. त्यामुळे मी खुर्चीतून उठून उभी राहिले. म्हणाले, "ऋताताई, पुढच्या सोमवारपर्यंत मला लेखी कारण पाहिजे. नाहीतर सगळ्या शाखांच्या स्क्रीन उतरवून घेऊन जा."

मी सुजितला म्हटलं, "आता दुरुस्ती करू नकोस. फक्त जाऊन बघ." सुजित फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसला. दुपारी त्यानं जे बघितलं, ते मोबाइलवर टिपलं आणि हसत हसत ऑफिसात आला. आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. त्यानं मोबाइल मधोमध ठेवला.

त्यात एक वयस्कर सुरक्षारक्षक दिसत होते. गणवेश कडक, टोपी नीट. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, केबिनमध्ये गेले, आणि बॉक्समधली केबल काढली. बाहेर आले. खुर्ची ओढून स्क्रीनसमोर मांडली, हात धुतले, डबा उघडला, आणि वर कुसुमताईंकडे बघत जेवायला लागले. "अख्खं जेवण होईपर्यंत ताई म्हणत होत्या येतेच मी, येतेच मी," सुजित सांगत होता, "आणि हे मान हलवत होते. जेवण झालं, डबा धुतला, आत जाऊन केबल लावली. ताई, तुमचा एक चाहता सापडला."

सगळे हसलो. हसता हसता माझं लक्ष गेलं, ताई हसत नव्हत्या. त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. मोबाइल हातात घेऊन जवळ धरला. मग म्हणाल्या, "हा सोपान आहे. माझा भाऊ."

ताईंना भाऊ आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. ताईंनी सुजितला एवढंच विचारलं, "रोज जेवतो का तो असा?"

सुजित म्हणाला, "रोजच असणार, ताई. रोजच नेट जातं."

ताईंनी आपला डबा मिटून ठेवला. त्या दुपारी त्यांनी जे सांगितलं ते मी थोडक्यात सांगते. ताईंचं माहेर लातूरकडचं, रेणापूरच्या बाजूचं. भाऊ एकच, पाठचा. विजयश्रीचं लग्न इथे चिंचवडला होतं. मुलीच्या मामानं पिवळी साडी आणायची, मामानंच मुलीला बोहल्यावर आणायचं आणि मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. सोपानराव एसटीनं निघाले. टेंभुर्णीजवळ गाडी बंद पडली. दुसरी मिळायला वेळ लागला. इकडे मुहूर्त गाठत आला. शेवटी अर्जुनरावांच्या एका चुलत भावाला मामाच्या जागी उभं केलं. सोपानराव दारात पोचले तेव्हा शेवटचं मंगलाष्टक चाललं होतं आणि भाचीच्या मागे दुसराच माणूस उभा होता. त्यांनी साडीचं पुडकं बोहल्याच्या पायरीवर ठेवलं आणि न जेवता परत गेले.

त्यानंतर दोघं बोलले नाहीत. ताईंचं म्हणणं, माझ्या लेकीच्या लग्नातून हा उपाशी गेला, आता यानंच यावं. सोपानरावांचं म्हणणं, माझी जागा दुसऱ्याला दिली, आता हिनंच बोलवावं. दोघंही एकाच आईची मुलं. वर्षं गेली. सोपानराव गाव सोडून पुण्याकडे कुठेतरी कामाला आलेत, एवढंच ताईंच्या कानावर होतं. ते 'कुठेतरी' म्हणजे आमचाच पट्टा आणि आमचीच स्क्रीन निघाली.

आता माझी पंचाईत बघा. मला सोमवारी जयसिंगरावांना लेखी कारण द्यायचं होतं. खरं लिहावं तर सोपानरावांची नोकरी जाणार. सुरक्षारक्षकानंच कंपनीच्या वस्तूला हात लावला, म्हटल्यावर कोण ठेवील? खोटं लिहावं तर दुसऱ्या दिवशी दुपारी परत नेट जाणार. मी ताईंना म्हटलं, "आपण त्यांना फक्त समजावून येऊ." ताई म्हणाल्या, "तू कशाला? मी येते." आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आल्या.

सुजितला घेऊन आम्ही तिघं निघोज्याला पोचलो तेव्हा पाळी सुटून गेली होती. ऊन रणरणत होतं. सोपानराव खुर्ची मांडून बसायच्याच बेतात होते. स्क्रीनवर ताई. समोरून ताई. त्यांनी एकदा वर बघितलं, एकदा खाली. मग टोपी नीट केली आणि अगदी सरकारी आवाजात म्हणाले, "कोणाला भेटायचंय?"

ताई म्हणाल्या, "माझ्या भावाला."

"वेळ घेतली आहे का?"

"घेतली होती. माझ्या लेकीच्या लग्नात. तो वेळेवर आला नाही."

श्रोतेहो, मी तक्रारी ऐकणारी बाई आहे. पण त्या क्षणी मला वाटलं की आपण गाडीत जाऊन बसावं. सुजित तर केबल तपासायला लागला.

सोपानराव म्हणाले, "गाडी बंद पडली होती."

"माहीत आहे मला."

"माहीत होतं, मग दुसरा माणूस कामून उभा केलास?"

"मुहूर्त थांबतो का रे? भटजी पुस्तक मिटून बसले होते. मी प्रत्येकाला सांगत होते, थांबा जरा, येतोच तो. व्याही रागावले. यांची आत्या रागावली. तरी सांगत होते, थांबा जरा, येतोच तो. कुठवर थांबवू?"

वर स्क्रीनवर त्या म्हणत होत्याच. सोपानरावांनी तिकडे बघितलं. मग म्हणाले, "हे मला कुणी सांगितलं न्हाई."

"तू ऐकायला थांबलास कुठं?"

तेवढ्यात फाटकावर एक ट्रक येऊन हॉर्न वाजवायला लागला. सोपानराव "ड्यूटी आहे माझी" म्हणून गेले, कागद बघितले, आडवा दांडा वर केला, ट्रक आत घेतला, दांडा खाली केला. परत आले. खुर्ची ताईंकडे सरकवली आणि स्वतः पायरीवर बसले. ताईंनी डबा उघडला. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि येसराची आमटी. पहिला घास घेऊन सोपानराव म्हणाले, "मीठ कमी हाय."

ताई म्हणाल्या, "घरी येऊन जेव. तिथं मिठाचा डबा आहे."

मी नंतर सोपानरावांना विचारलं होतं, मामा, केबल काढायची ही कल्पना तुम्हाला सुचली कशी? ते म्हणाले, "पहिल्यांदा आपोआपच गेलं होतं. मी जेवायला बसलो, वर बघतो तर भिंतीवर कुसी. मला वाटलं, ऊन लागलं. मला म्हणती, थांबा जरा. मी उभाच राहिलो. दुसऱ्या दिवशी आलीच न्हाई. तिसऱ्या दिवशी मग मी केबल काढून बघितली." मी म्हटलं, त्यापेक्षा फोन करायचा. तर म्हणाले, "फोनवर तिनं माझं ऐकून घेतलं असतं व्हय? ती बोलली असती. मग मलाबी बोलावं लागलं असतं."

हे झालं फाटकापाशी. पण जयसिंगराव वर त्यांच्या खोलीत बसलेले होते, आणि सोमवार जवळ आला होता. मी काही ठरवायच्या आत ताई उठल्या आणि थेट साहेबांच्या खोलीत गेल्या. मी मागोमाग. साहेबांनी मान वर केली आणि आधी खिडकीतून खाली फाटकाच्या स्क्रीनकडे बघितलं. नेट गेलंय की काय अशी त्यांना शंका आली असावी.

ताई म्हणाल्या, "साहेब, केबल माझा भाऊ काढतो. त्याची चूक आहे, शिक्षा करा. फक्त तो खाली जेवतोय, त्याचं जेवण होऊ द्या."

साहेबांनी ताईंना बसायला सांगितलं. सगळं ऐकून घेतलं. शेवटी त्यांनी त्यांच्या हळू आवाजात विचारलं, "आता तुम्ही त्यांच्याशी बोलता?"

"आज बोलले."

"मग त्यांना स्क्रीनवर तुम्ही कशाला पाहिजे?"

ताई म्हणाल्या, "नको आहे."

"मला तर पहिल्यापासून नको आहे," साहेब म्हणाले. "आमच्या कारखान्यातून तेवढी ती क्लिप काढा." सोपानरावांना त्यांनी लेखी ताकीद दिली आणि मागच्या फाटकावर नेमलं, जिथे स्क्रीन नाही. आमचं काम आमच्याकडे राहिलं. आणि माझ्या अहवालात कारण काय लिहायचं, ते त्यांनी स्वतः सांगितलं: 'कारण सापडले. निवारण झाले.' माझ्या नोकरीतला हा सर्वांत छोटा अहवाल, आणि यापेक्षा खरा मी दुसरा लिहिलेला नाही.

आता तो नवा तपशील. जयसिंगराव, आपल्या उपाहारगृहातल्या स्क्रीनवर ताई अजून आहेत. आम्ही काढल्या होत्या. पण आपल्याच कामगारांनी सुजितला गाठून सांगितलं की नेट गेल्यावर नुसतं चक्र फिरतं, ते बघत जेवण जात नाही. सुजितनं माझी परवानगी घेतली आणि मी आपली घेतली नाही. आपण तिथे सहसा जेवत नाही, म्हणून निभावलं. साहेब हसताहेत, म्हणजे काम राहिलं असं मी धरून चालते.

चाकणच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. दर गुरुवारी सोपानराव थेरगावला ताईंकडे जेवायला येतात. मी एकदा ताईंना विचारलं, इतकी वर्षं राहून गेलेलं बोलत असाल ना दोघं? ताई म्हणाल्या, "कुठलं बोलतो तो. येतो, जेवतो, यांच्याबरोबर टीव्ही बघतो, जातो."

"मग?"

"मग काय? भाऊ आहे."

आज जयसिंगरावांनी सोपानरावांना आपल्या गाडीतून आणलं, हे मला मुद्दाम सांगायला हवं. साहेबांचा बेत कार्यक्रमाच्या वेळेला पोचायचा होता. पण सोपानराव म्हणाले, रस्त्याचा काही भरवसा नाही, गाडी बंद पडू शकते. साहेबांची गाडी नवी कोरी आहे, हे त्यांनी मानलं नाही. परिणामी आमचे प्रमुख पाहुणे आज सभागृहात आले तेव्हा आम्ही खुर्च्या मांडत होतो. त्यांनीही चार खुर्च्या मांडल्या. एवढा कामाचा प्रमुख पाहुणा 'झळक'ला यापूर्वी लाभला नव्हता.

ताई, आता तुमच्याविषयी. उद्यापासून हिशेब तुमच्या हाताखाली शिकलेल्या स्वरूपाकडे जाईल, किल्ल्या माझ्याकडे येतील, चहा कोण करणार यावरून भांडण होईल. तुम्ही परवा म्हणालात, मी निवृत्त होतेय, आता त्या क्लिपलाही निवृत्त करा. आम्ही सगळ्यांनी बसून विचार केला. अध्यक्षमहाराज, हे आपल्याला आत्ताच कळतंय, त्याबद्दल क्षमस्व, पण आमचं ठरलंय. क्लिप राहील. पदराचं सुजित काहीतरी करणार आहे. या पट्ट्यात नेट जायचं थांबत नाही तोवर लोकांना कुणीतरी आपल्या माणसासारखं 'थांबा जरा' म्हणायला हवं, आणि ते म्हणायला तुमच्याइतकं चांगलं माणूस आमच्याकडे नाही. तुमच्या निवृत्तीनं ऑफिसात जी पोकळी होईल तिच्यावर बोलायला मला नेमलं होतं खरं, पण ते मला जमणार नाही, असं मी कालच श्रीपादरावांना सांगून ठेवलं आहे.

अध्यक्षांनी मला बोलायची संधी दिली आणि दोनदा चिठ्ठी पाठवूनही खाली बसवलं नाही, त्याबद्दल त्यांची ऋणी आहे. प्रमुख पाहुण्यांचे आभार, आजच्या येण्याबद्दल आणि त्या दिवशीच्या ऐकून घेण्याबद्दल. अर्जुनराव, विजयश्री, घरातली गोष्ट चारचौघांत सांगू दिलीत, हा तुमचा मोठेपणा. आपण सर्वांनी इतका वेळ कान दिलात. बोलण्याच्या ओघात कुणाचा उल्लेख राहिला असेल, कुणाचा नको तितका झाला असेल, थट्टेत एखादा शब्द कुणाला लागला असेल, तर तो माझ्या जिभेचा दोष समजून पोटात घालावा.

ताई, आता तुम्ही बोला, आणि सावकाश बोला. सोपानमामा तिसऱ्या रांगेत बसलेत. मी त्यांना विचारून घेतलंय, ते शेवटपर्यंत थांबणार आहेत.

नमस्कार.